सिग्नल पडला

माझ्या डाव्या पायात आता एक सळई आहे. ती आयुष्यभराची आहे, असं हाडांच्या डॉक्टरांनी मला अगदी आनंदानं सांगितलं. कुणी विचारलं तर मी "रेल्वे अपघात" एवढंच म्हणते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर धडधडत येणारी एक्स्प्रेस उभी राहते आणि तो मला बसायला खुर्ची देतो. प्रत्यक्षात मला उडवलं ते रविवारी हौसेखातर चालणाऱ्या दोन डब्यांच्या गाडीनं, आणि तिचा वेग उधळलेल्या म्हशीपेक्षा जास्त नव्हता. हे कळलं की लोक हसतात. मला हसू येत नाही. ती गाडी मला कितीतरी महिने आधीपासून येताना जाणवत होती. नवऱ्याला हे सांगितलं तर ते म्हणतात, "घडून गेल्यावर सगळेच ज्योतिषी."

पुण्याच्या पूर्वेला, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुख्य लोहमार्गापासून फुटलेली एक जुनी शाखा आहे. ती एका कारखान्यापर्यंत जायची. आधी कारखाना बंद पडला, मग शाखा. फाटकाची चौकी, सिग्नलची केबिन, इंजिनांसाठीची पाण्याची टाकी, सगळं हळूहळू नाहीसं झालं. दगड लोकांच्या घरांच्या जोत्यांत गेले, लोखंड भंगारात. रूळ तेवढे राहिले, कारण गाजरगवतात ते कुणाला दिसले नाहीत.

हे बँकेतून निवृत्त झाले आणि वर्षभर घरातले दिवे बंद करत फिरले. मग त्यांना ही शाखा सापडली. पुण्यात तीन निवृत्त माणसं एकत्र आली की मंडळ होतं आणि चौथा आला की त्यात फूट पडते. ह्यांच्या मंडळात फूट पडली नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मंडळानं परवानग्या मिळवल्या, कारखान्याच्या आवारात गंजत पडलेलं छोटं इंजिन चालतं केलं, दोन डबे रंगवले आणि हिवाळ्यातल्या रविवारी लोकांना फिरवायला सुरुवात केली. तेवढ्यावर थांबले असते तर माझा पाय शाबूत राहिला असता. पण मग ठरलं, की हरवलेल्या वास्तू जशा होत्या तशा पुन्हा उभारायच्या. आधार काय, तर एक फोटो. आणि तो आमच्याच घरात होता.

फोटो माझ्या सासऱ्यांचा. ते त्याच केबिनमध्ये केबिनमन होते. म्हणजे वरच्या मजल्यावर उभं राहून लोखंडी लिव्हर ओढायचे. लिव्हर ओढली की तार ताणली जायची, दूरच्या खांबावरचा सिग्नलचा हात खाली पडायचा आणि गाडीला रस्ता मिळायचा. फोटोत ते केबिनच्या जिन्यात उभे आहेत, केस काळे, छाती पुढे. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. आता वय ऐंशीच्या पुढे, कान जड, डोकं तल्लख आणि जीभ त्याहून. नोकरीबद्दल ते एकच वाक्य बोलायचे: "एकही डाग नाही." दुसरी माणसं जमिनीबद्दल, फ्लॅटबद्दल बोलतात तसं ते त्या नसलेल्या डागाबद्दल बोलायचे. दुसरी मालमत्ता त्यांच्याकडे नव्हतीच. सासूबाई गेल्यापासून तर तेवढंच उरलं होतं.

पाया शोधायला ह्यांनी बाबांना तिथं नेलं. मीही गेले, कारण त्या गवतात दोन म्हातारे एकटे सोडणं मला बरं वाटेना. बाबा काठी टेकत आत शिरले, एका जागी थांबले आणि म्हणाले, "इथं जिना." खणलं तर जिन्याची पहिली पायरी बरीच पलीकडे निघाली. "मग हलला असेल," बाबा म्हणाले. चूक कबूल करणं त्यांना कधी जमलं नाही. पुढे खिडक्यांच्या रंगावरून भांडण झालं, जिन्याच्या कठड्यावरून झालं. बाबा दर वेळी ठाम असायचे आणि निम्म्या वेळा चुकायचे. पण त्या वर्षात त्यांचा चेहरा बदलला. सकाळी लवकर दाढी करायला लागले. मला खरंच बरं वाटायचं.

केबिन जसजशी उभी राहिली तसतशी ती मला आवडेनाशी झाली. नवीन इमारत नवी दिसते, जुनी जुनी दिसते. ही कशीच दिसत नव्हती. मुद्दाम कुठूनतरी आणलेल्या जुन्या विटा, मुद्दाम दिलेला मळकट रंग. कामावरची माणसं जेवायला तिच्या सावलीत बसत नसत, पलीकडे बाभळीखाली ऊन-सावलीत बसत. विचारलं तर म्हणाली, "तिथं गार लागतं." मे महिन्यात. सिग्नलची तार ताणली की कण्हल्यासारखा आवाज यायचा, आणि आवाज आधी यायचा, हात नंतर हलायचा. वारा सुटला की कुणी काही न करताही तार वाजायची आणि खांबावरचा तो लाल हात जरासा थरथरायचा. "किती जिवंत वाटतंय ना?" हे म्हणायचे. तीच तर माझी तक्रार होती.

केबिन पुरी झाली त्या दिवशी बाबा एकेक पायरी चढून वर गेले आणि लिव्हरवर हात ठेवला. त्यांचा हात गेली काही वर्षं थरथरतो. तो थांबला. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. मग बाबा वाकले, लिव्हरच्या खाली, मागे, सगळीकडे बघितलं आणि म्हणाले, "कुलूप कुठंय?"

पूर्वी फाटक आणि सिग्नल एका कुलपानं एकमेकांना बांधलेले असायचे. फाटक लागलं नसेल तर लिव्हर जागची हलायची नाही, आणि सिग्नल एकदा पडला की फाटक उघडायचं म्हटलं तरी उघडायचं नाही. माणूस चुकला तरी लोखंड चुकू द्यायचं नाही, अशी ती सोय.

"बाबा, ते फोटोत दिसत नाहीये," हे म्हणाले.

"फोटोत माझा बनियनही दिसत नाही. म्हणून मी घातला नव्हता का?"

"दुसऱ्या टप्प्यात करू."

आपल्याकडे दुसरा टप्पा म्हणजे काय, हे सांगायला नको. जे दिसत होतं ते सगळं त्यांनी उभं केलं आणि जे दिसत नव्हतं ते राहिलं. तोवर फाटकाला कळवायला फोन आहेच की, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं.

त्याच सुमाराची एक गंमत सांगते. आम्ही तिघं हडपसरकडून गाडीनं घरी येत होतो. चौकात हिरवा दिवा होता, गर्दी होती, आणि हे म्हणाले, "सिग्नल पडायच्या आत काढतो."

मागच्या सीटवरून बाबा ओरडले, "पडायच्या आत? अरे, पडल्यावर जायचं असतं!"

आम्हाला आधी कळेचना. मग कळलं. आपण शहरातली माणसं सिग्नल पडला म्हणतो तेव्हा लाल झाला, थांबा. बाबांच्या सगळ्या आयुष्यात सिग्नल पडला म्हणजे हात खाली आला, गाडी निघाली. एकच शब्द, आणि अर्थ अगदी उलटे. "तुमच्या शहरात सगळंच उलटं," बाबा म्हणाले. घरी पोचेपर्यंत आम्ही पोट धरून हसत होतो. त्या हसण्याची मला आता शिसारी येते.

रविवारच्या कामाची पद्धत ठरलेली होती. बाबा लिव्हरशी, हे त्यांच्या शेजारी फोन घेऊन. फाटकावर मंडळातले एक सभासद असायचे, वाघोलीला राहणारे, संगणक कंपनीत मॅनेजर, अतिशय सज्जन आणि हौशी. डोक्यावर रेल्वेची जुनी टोपी घालून ते हातानं चाक फिरवायचे, की फाटकाचे दांडे खाली यायचे. हे फोनवर सांगायचे, "फाटक लावा." मग "गाडी सुटली." मग "उघडा." इतकं सोपं. पण रस्ता आता पूर्वीचा राहिला नव्हता. दोन्ही बाजूंना मोठमोठ्या सोसायट्या झाल्या होत्या. हौसेच्या गाडीसाठी थांबायला लोकांना सुरुवातीला गंमत वाटली, नंतर ते हॉर्न वाजवू लागले, नंतर शिव्या देऊ लागले. फाटकाच्या दांड्याखालून स्कूटर वाकवून काढणारे मी डोळ्यांनी पाहिले. हे सगळं मी बोलून दाखवत होते. मंडळात माझं नाव 'विरोधी पक्ष' पडलं होतं.

त्या रविवारी मोठे पाहुणे येणार होते, पुढच्या कामाला मदत करतील असे. त्यांना गाडीतून फिरवायला हे स्वतः गाडीत बसले आणि फोन बाबांच्या हातात दिला.

"त्यांना फोनवर नीट ऐकू येत नाही," मी म्हणाले.

"त्यांना ऐकायचं नाहीये. बोलायचंय," हे म्हणाले.

मी घरी जाऊन बाबांचा डबा भरला. मऊ भात, वरण, लिंबाची फोड. स्कूटरवरून परत आले तेव्हा फाटक लागलेलं होतं आणि मी सर्वांत पुढे उभी राहिले. मागे टेम्पो, मोटारी, पाण्याचा टँकर, हळूहळू रांग लागली. गाडी काही येईना. पाहुण्यांचे फोटो चालले असणार. हॉर्न सुरू झाले. एक माणूस खिडकीतून डोकं काढून मॅनेजरसाहेबांच्या टोपीबद्दल काहीतरी बोलला. बिचारे घामाघूम झाले होते. त्यांनी फोन लावला आणि एका कानावर हात ठेवून ओरडले, "काका, अजून किती वेळ? इथं फुल जॅम झालाय!"

पलीकडचं मला ऐकू आलं नाही. त्यांचा चेहरा मात्र सैलावला. "हो का? बरं, बरं. थँक्यू काका." फोन खिशात गेला आणि ते चाक उलटं फिरवू लागले. दांडे वर गेले. "चला मॅडम, पटकन काढून घ्या," ते मला म्हणाले.

मी निघाले. रूळ ओलांडताना आधी सिग्नलचा हात बघायचा, ही सवय मला बाबांनी लावली होती, अगदी नवी नवरी असल्यापासून. पुढचं चाक रुळांमध्ये गेलं होतं तेव्हा मी डावीकडे पाहिलं. हात पडलेला होता. तिरका, निवांत, जणू त्याचं काम झालं होतं. मला वाटलं, वर करायला विसरले असतील. मग तारेचा तो कण्हल्यासारखा आवाज आला, आणि बाभळींच्या आडून इंजिन बाहेर आलं.

मी मागच्या गाड्यांना हात केला, एवढं मला आठवतं. थांबा, थांबा. ते थांबले. मग मी स्कूटर सोडून उडी मारायला गेले आणि पाय तिच्यात अडकला. ब्रेकचा चरचर आवाज, कुणाची तरी किंकाळी, ती बहुधा माझीच. दुखायला नंतर लागलं. त्याआधी मी जमिनीवरून केबिनकडे पाहिलं. खिडकीत बाबा उभे होते. दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून ते लिव्हर मागे ढकलत होते आणि सिग्नलचा हात हळूहळू वर चालला होता. गाडी तर कधीच त्याच्या पुढे निघून आली होती.

मॅनेजरसाहेब दवाखान्यात आले ते माझ्या पलंगाशी बसून रडायलाच लागले. "मी स्वतःच्या कानांनी ऐकलं हो," ते म्हणाले. "काका म्हणाले, सिग्नल पडला. मला वाटलं, गाडी अडवली. म्हणून मी सोडलं सगळ्यांना."

मी त्यांना अर्थ सांगितला तेव्हा त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत बसले. मला त्यांचा राग आला नाही. नगर रस्त्याच्या लाल-हिरव्या दिव्यांतून रोज येणारा-जाणारा माणूस, त्याला दुसरा अर्थ सुचणार कुठून?

राग आला तो पुढच्या आठवड्यात. मंडळाची बैठक झाली होती, आणि झाल्या प्रकाराचं कारण काय लिहिलं ते ह्यांनी मला वाचून दाखवलं: 'ज्येष्ठ केबिनमनकडून वयोमानामुळे निरोप देण्यात झालेला गोंधळ.' मी हातातली उशी ह्यांच्या अंगावर फेकली. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

"कसला गोंधळ? बाबा अगदी बरोबर बोलले. कुलूप बसवलं नव्हतं, असं लिहा."

"तसं लिहिलं तर गाडी कायमची बंद होईल."

"होऊ दे."

"अगं, सगळं उभं केलंय आम्ही. आणि बाबांनी स्वतः सांगितलं, माझं नाव लिहा म्हणून. विचार त्यांना."

"ते सांगतील. तुम्ही मुलगा ना त्यांचे? तुम्ही लिहून मोकळे झालात?"

उशी उचलून ह्यांनी नीट माझ्या पाठीमागे ठेवली. तेही मला सहन होईना.

घरी आल्यावर मी बाबांना विचारलं. ते माझ्या पायाकडे बघत नसत, खिडकीकडे बघत बोलत.

"खरं आहे. चूक माझीच," ते म्हणाले. जिना हलला असेल म्हणणारा माणूस. "निरोप दिला की समोरच्याकडून तो परत म्हणवून घ्यायचा असतो. त्यानं जसाच्या तसा परत म्हटला, की पोचला. तसा नियम आहे. तो नुसतं बरं म्हणाला. बरं म्हणजे निरोप नव्हे. आणि मी फोन ठेवला."

"का ठेवलात?"

त्यांनी खिडकीचा पडदा नीट केला. मग म्हणाले, "आनंदात होतो गं मी."

मला रडू आलं ते मी त्यांच्यासमोरच रडले.

मंडळानं बाबांचा सत्कार केला. आपल्याकडे माणसाला काढून टाकायचं असलं की शाल घालतात. शाल, श्रीफळ, वर पुणेरी पगडी, जी मोठी होऊन त्यांच्या भुवयांवर आली. भाषणात 'मार्गदर्शक' हा शब्द इतक्या वेळा आला की मी चाकाच्या खुर्चीत बसून दात चावत होते. बाबा पगडीखालून समोर कुठेतरी बघत होते. त्यांना बोलायला सांगितलं. ते उठले, "धन्यवाद" म्हणाले आणि बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गाडी पुन्हा सुरू झाली आहे. लिव्हरशी आता दुसरे सभासद असतात, खूप उत्साही. कुलूप अजून दुसऱ्या टप्प्यातच आहे. सुधारणा एवढीच झाली, की फोनवर बोलायचं नाही, मोबाइलवर अंगठ्याचं चित्र पाठवायचं. अंगठा म्हणजे 'गाडी निघाली' की 'फाटक उघडा', असं मी ह्यांना विचारलं. "ते सगळ्यांना माहीत आहे," हे म्हणाले. केबिन तिथंच आहे. पावसाळ्यात तिच्या विटांवर शेवाळ धरलं आणि आता ती खरंच जुनी दिसते. लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात.

बाबा रविवारी घराबाहेर पडत नाहीत. घरात मात्र नियम चालू आहे. मी म्हणते, "चहा ठेवते." ते म्हणतात, "चहा ठेवतेस." मी म्हणते, "गोळी घ्या." ते म्हणतात, "गोळी घेतो, जेवणानंतरची," आणि मगच घेतात. आमच्याकडूनही तेच म्हणवून घेतात. हे चिडतात. मी नाही चिडत. पण रात्री झोपेतही ते निरोप परत म्हणत असतात, आणि कुणाचे ते कळत नाही.

गेल्या रविवारी दुपारी आम्ही दोघंच घरी होतो. वारा पूर्वेचा होता. असा वारा असला की शिटी इथपर्यंत येते. ती आली. बाबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि शिटी थांबल्यावरही सोडले नाहीत. त्यांच्या ओठांवर काहीतरी चाललं होतं. मी काठी टेकत जाऊन त्यांच्यासमोर बसले.

"बाबा," मी त्यांच्या चांगल्या कानाशी म्हणाले, "चूक तुमची नव्हती."

त्यांचे ओठ चालूच होते.

"निरोप पोचला का? परत म्हणून दाखवा."

नियम त्यांचाच होता, त्यामुळे त्यांना टाळता येईना. ते सरळ बसले. घसा खाकरला. शाळेत उभं राहिलेल्या मुलासारखे हात मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं, अपघातानंतर पहिल्यांदाच.

"चूक माझी," ते म्हणाले, आणि थांबले.

एकच शब्द राहिला होता. मी वाट बघत बसले.